तिसऱ्या दिवशीही राहिलेला पाहुणा

अण्णांनी विनोद केला आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. मोरिशिता-सान हसले नाहीत, कारण त्यांना मराठी येत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

मी जपानी भाषेची दुभाषी आहे. पुण्यात हे काम करता करता केस पांढरे झाले. त्या दिवशी मांजरी गावात अण्णा जगदाळ्यांच्या घरी जेवण होतं. अण्णांचा हडपसरला कारखाना आहे. ऊस तोडणाऱ्या यंत्रांची पाती तिथे बनतात. मोरिशिता-सान जपानहून आले होते; 'सान' म्हणजे आपलं 'साहेब'. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या विळे आणि पाती घडवत आलं आहे. दोन्ही घरांचा टाय-अप करायचा विचार होता.

मोरिशिता-सानांनी विचारलं होतं, "तुमच्यानंतर कंपनी कोण चालवणार? वानखडे-सान का?"

नितीन वानखडे म्हणजे अण्णांचे जावई, सासरीच राहणारे. सकाळी त्यांनीच पाहुण्यांना कारखाना दाखवला होता. आता ते टेबलाच्या अगदी टोकाला बसले होते. अण्णा उठून त्यांच्यापाशी गेले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "छ्या! एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, आन् तिसऱ्या दिवशी राहिला तो घरजावई! त्येच्या हातात कुणी किल्ल्या देतं व्हय?"

मूळ म्हणीत तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याची अक्कल जाते. अण्णांनी शेवट बदलला होता आणि यमक चांगलं जुळलं होतं. अण्णांचे धाकटे भाऊ तात्या मासवडी हातात धरून हसले. तात्यांचा मुलगा रोहन फोनमधून डोकं वर काढून हसला. नितीनही हसले. अण्णांची मुलगी वैशाली, म्हणजे नितीनची बायको, तेवढी हसली नाही. ती रस्सा वाढत राहिली.

आता माझी अडचण सांगते. मोरिशिता-सान स्वतः घरजावई होते. त्या टेबलावर हे फक्त मला माहीत होतं.

सकाळी हॉटेलमधून निघालो तेव्हा मगरपट्ट्याच्या पुलाखाली गाडी नेहमीप्रमाणे अडकली. पुण्यातली निम्मी गुपितं ट्रॅफिकमध्येच बाहेर पडत असतील. मोरिशिता-सानांनी घराण्यातल्या मालकांचे फोटो दाखवले. बोट ठेवत म्हणाले, "हे जावई. हे जावई. आणि हा मी." त्यांच्याकडे याला मुकोयोशी म्हणतात. मुलगा धंद्याला लायक नसेल, किंवा नसेलच, तर लायक माणूस बघून त्याला मुलगी देतात आणि त्याला रीतसर दत्तक घेतात. तो सासऱ्यांचं आडनाव लावतो आणि पुढचा मालक होतो. त्यात कमीपणा नाही, उलट मान आहे. ते म्हणाले, "मुलगा मिळेल तो घ्यावा लागतो. जावई निवडता येतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे आपल्यातच राहू दे. व्यवहाराच्या आधी लोकांना माझी गोष्ट कळली, की ते माझ्याशी गोड वागायला लागतात. मला ते कसे आहेत तेच बघायचं असतं."

आमच्या धंद्यात दोन नियम आहेत. पहिला, एका बाजूने खासगीत सांगितलेलं दुसरीकडे बोलायचं नाही. दुसरा, समोर जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. म्हणजे मी अण्णांना टेबलाखालून पायही मारू शकत नव्हते, आणि विनोद गिळूही शकत नव्हते.

तसा एक चोरदरवाजा असतो. दुभाषी गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "यजमानांनी एक विनोद केला आहे, कृपया हसा." पाहुणा हसतो, यजमान खूश होतो, जेवण पुढे सरकतं. तो दरवाजा मी डोळ्यांसमोर उघडा बघत होते.

पण पोटात आणखी एक गोष्ट होती. सकाळी कारखान्यात वैशालीने मला कोपऱ्यात गाठलं होतं. ती तिथले हिशेब बघते. "ताई, ह्यांना चाकणला नोकरी मिळतेय," ती म्हणाली. "आम्ही जायचं ठरवलंय. अण्णांना सांगितलेलं नाही. बारा वर्षं हे इथे राबतात, पण मीटिंगला खुर्ची रोहनची. रोहनला प्लॉटिंगच्या धंद्यात रस आहे, त्यालाही ही खुर्ची नकोच आहे. अण्णा ऐकत नाहीत. म्हणतात, जगदाळ्यांचा कारखाना जगदाळेच चालवणार."

तिचं खरं असावं, हे मी शॉप फ्लोअरवर बघितलंच होतं. तापून लाल झालेलं पातं तेलात एकदम गार करतात, त्याला पाणी पाजणं म्हणतात. धार त्याने टिकते. मोरिशिता-सान तिथे बराच वेळ उभे होते, पण पात्यांकडे बघत नव्हते. काही अडलं की कामगार अण्णांकडे बघत, आणि अण्णा नितीनकडे. मोरिशिता-सानांनी ते टिपलं होतं. म्हणूनच जेवताना त्यांनी रोहनचं नाव न घेता नितीनचं घेतलं.

नितीन गेले तर कारखान्याला कुलूप लागायला फार काळ लागला नसता. हे एकट्या अण्णांना ठाऊक नव्हतं.

त्या चोरदरवाजाने गेले असते तर मोरिशिता-सानांचा प्रश्नही हसण्यात बुडाला असता, म्हणून मी सरळ विनोदाचं भाषांतर केलं. म्हण समजावली, अण्णांनी शेवट कसा बदलला ते सांगितलं, किल्ल्यांचं वाक्यही सांगितलं. जपानीत यमक मेलं. अर्थ मात्र जिवंत राहिला.

मोरिशिता-सानांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग हळूहळू बोलले, मला नीट सांगता यावं म्हणून.

इथे एक सांगायला हवं. दुभाषी नेहमी 'मी' म्हणून बोलतो. 'ते म्हणतात की' असं म्हणत नाही. त्यामुळे पुण्याच्या कसबा पेठेतली मी, कॉटनची साडी नेसून, जगदाळ्यांच्या टेबलावर म्हणाले, "अण्णासाहेब, मी तिसऱ्या दिवशी राहिलेला माणूस आहे. मोरिशिता हे माझ्या सासऱ्यांचं आडनाव. त्यांनी मला मुलगी दिली, नाव दिलं आणि किल्ल्या दिल्या. माझी अक्कल शाबूत आहे की नाही, ते सासूबाईंना विचारावं लागेल."

तात्या क्षणभर माझ्याकडेच बघत राहिले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि हातातली मासवडी रश्श्यात पडली.

अण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यभर पाहुण्याला देव मानलेला माणूस, आणि त्याच्याच घरी, त्याच्याच तोंडून पाहुण्याचा अपमान झालेला. ते उठले. मोरिशिता-सानांच्या ताटाशी आले, वैशालीच्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतः रस्सा वाढला. "मॅडम, ह्येंना सांगा, मला ठावं नव्हतं," एवढंच म्हणाले. मी सांगितलं. मोरिशिता-सानांनी बसल्या बसल्या मान झुकवली. "रस्सा उत्तम आहे," ते म्हणाले. "पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. मी शनिवारपर्यंत पुण्यात आहे. माझ्या घराण्याचं एकच ध्येय असतं, कारखाना पुढच्या माणसाच्या हातात नीट द्यायचा. तुमचा पुढचा माणूस कोण, ते मला कळलं पाहिजे. त्याशिवाय सही करणार नाही."

परतताना गाडीत मी मनातल्या मनात हिशेब करत होते. काम हातचं गेलं, असंच वाटत होतं. हल्ली मोठी कामं क्वचित येतात. रोहनने तर आधी सुचवलंच होतं, की मॅडम कशाला, फोनवर ॲप आहे. त्यावर अण्णा म्हणाले होते, "फोनला मासवडी वाढता येती का?" माझी नेमणूक त्या एका वाक्यावर झाली होती. पुण्यात बहुतेक लोक जपानीतून इंग्रजी करून घेतात. अण्णांनी मात्र मराठीच मागितली होती. त्याचं मला किती बरं वाटलं होतं, ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

पुलाखाली गाडी पुन्हा अडकली. मोरिशिता-सान म्हणाले, "इतकी वर्षं मी देशोदेशी फिरतो. जावयांवरचे विनोद सगळीकडे असणार. एकही माझ्यापर्यंत पोचला नाही. दुभाष्यांनी मला वाचवलं असणार. तुम्ही वाचवलं नाहीत. आभारी आहे." माझे डोळे भरून आले. या धंद्यात तक्रारी ऐकायची सवय असते, आभारांची नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णांचा फोन. "मॅडम, साहेबांना घिऊन कारखान्यावर या. समदं मिटलंय."

आम्ही गेलो. ऑफिसात घरातले सगळे जमले होते. अण्णा फेटा बांधून बसले होते. मीटिंगला फेटा म्हणजे काहीतरी मोठं आहे हे मी ओळखलं.

"मी रातभर इचार केला," अण्णा म्हणाले. "साहेबांचं बरोबर हाय. ह्या आमच्या जावईपाव्हण्यांना मी दत्तक घेणार. आजपास्नं नितीन जगदाळे. विषय संपला."

मी भाषांतर केलं. मोरिशिता-सानांच्या भुवया वर गेल्या. वैशालीने कपाळावर हात मारला. "अण्णा, तुमच्या मनात काय चाललंय ते ओळखून मी सकाळीच वकिलांना फोन केला होता. एवढ्या मोठ्या, लग्न झालेल्या माणसाला आपल्याकडे असं दत्तक घेता येत नाही."

"वकिलाचं ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. ते इतका वेळ बोटांवर काहीतरी नातं मोजत होते. "अण्णा, तू नितीनला ल्योक केलास, तर मंग आपली वैशी त्येची भहीण न्हाई का व्हनार?"

मी कर्तव्य म्हणून हेही जपानीत सांगितलं. आणि मोरिशिता-सान पहिल्यांदा खदाखदा हसले. "माझ्या बायकोनेही लग्नाच्या दिवशी हेच विचारलं होतं," ते म्हणाले. मग सगळेच हसले. अण्णाही, फेट्यासकट.

नितीन तेवढे हसले नाहीत. आदल्या दिवशी स्वतःवरच्या विनोदाला हसलेला हा माणूस आता उभा राहिला. नितीन अमरावतीकडचे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून पुस्तकातल्यासारखी मराठीच ऐकू येत असे. त्या दिवशी दाबून ठेवलेली वऱ्हाडी बाहेर आली.

"मले नाव नाही पायजे, अण्णा. माह्या बापाचं नाव आहे ते, राहू द्या. मले किल्ल्याही नाही पायजे."

"मंग काय पायजे, पाव्हणं?" अण्णांनी विचारलं.

"हेच. हे पाव्हणं म्हणनं बंद करा. तुम्ही रोहनले दिवसातून चार खेपा शिव्या देता. तात्यांवर ओरडता. वैशालीवर ओरडता. माह्या हातून मशीन बिघडलं तरी म्हणता, असू द्या पाव्हणं. घरच्या माणसाले कोणी असू द्या म्हणते काय? माह्यासाठी चहा पहिले येते आणि मीटिंगचा निरोप शेवटी. मान लय देता तुम्ही. पण ज्याले रागवत नाही, त्याले इचारतही नाही. मले चाकणले नोकरी मिळून राहिली अण्णा, आन् मी जाणार आहे."

बोलून ते खाली बसले. मी हे सगळं भाषांतर केलं, शेवटच्या शब्दापर्यंत. 'मी' म्हणून बोलायची हीच पंचाईत असते, दुसऱ्याचं दुखणं आपल्या घशातून जातं.

अण्णांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "जावयाला रागवायचं नसतं, बाबा. आमच्यात तशी रीतच न्हाई. लेकीला तरास व्हतो म्हनत्यात." ते खरंही होतं. अपमान करायचा म्हणून त्यांनी नितीनला दूर ठेवलं नव्हतं. मान म्हणूनच ठेवलं होतं, आणि तो मान बारा वर्षं दारातच उभा होता.

मोरिशिता-सानांनी मला खूण केली. त्यांना बोलायचं होतं.

"वानखडे-सानांचं बरोबर आहे. नाव बदलू नका. आमच्याकडे दारावरच्या पाटीवर घरातल्या सगळ्यांची नावं असतात. माझ्या लग्नानंतर माझ्या सख्ख्या वडिलांनी घरी जाऊन पाटीवरचं माझं नाव स्वतःच्या हाताने काढलं. मला कोणी सांगितलं नाही. पुढे त्या घरी गेलो तेव्हा दिसलं. मला कारखाना मिळाला आणि मी कृतज्ञ आहे. पण त्या पाटीपुढे मी आजही उभा राहत नाही, लगेच बेल वाजवतो."

तात्यांनी नाक पुसलं. अण्णा सावकाश म्हणाले, "म्हंजी बघा. ह्यांच्यात घर असतं धंद्यासाठी. आमच्यात धंदा असतो घरासाठी. दोन्हीकडं कुनीतरी एक माणूस मधी सापडतोच." व्यवसाय, घराणी, वारसा या विषयांवर मी वर्षानुवर्षं भाषणांची भाषांतरं केली आहेत. त्यातलं एकही या तीन वाक्यांइतकं लक्षात नाही.

त्या दिवशी पुढे काहीच ठरलं नाही. चहा झाला. पहिला कप नितीनकडे आला, तो त्यांनी उचलून तात्यांपुढे ठेवला. आम्ही निघालो.

शनिवारी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी टेबलावर कराराचा ड्राफ्ट होता. मोरिशिता-सानांनी आपला शिक्का बरोबर आणला होता. जपानी लोक सहीऐवजी बहुधा शिक्का मारतात आणि तो जिवापाड जपतात. पण तो अजून खिशातच होता. प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालेलं नव्हतं. नितीन अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते, एवढा बदल मला दिसला. रोहन भिंतीशी स्टुलावर बसला होता आणि भलताच आनंदात होता.

वाचन सुरू झालं. एक एक क्लॉज, म्हणजे कराराचं कलम, इंग्रजीत वाचायचं, मग मी दोन्हीकडे समजावायचं. पात्यांच्या तपासणीच्या कलमाशी आलो. अण्णांनी नेहमीच्या घाईने हात उडवला. "चालंल, चालंल. फुडं घ्या."

"नाही चालणार," नितीन म्हणाले. "ही तपासणी आपल्याकडेच झाली पाहिजे. तिकडे माल पोचल्यावर परत पाठवला तर आपण बुडू."

"आरं, साहेब काय पळून चाललेत का?"

"साहेब नाही पळत. पण कागदावर पाहिजे. तुम्ही न वाचता हो म्हणता, अण्णा. मागच्या खेपेलाही असंच केलं होतं."

परक्या माणसासमोर अण्णांना असं कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. अण्णांचे कान लाल झाले. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. कप नाचले.

"ए नित्या! गप बस की जरा! लय शाना झालाईस व्हय रं? मला शिकीवतो? मी पाती घडवत व्हतो तवा तू गोट्या खेळत व्हतास!"

आणि तोंड उघडं ठेवूनच अण्णा थांबले. आपण काय केलं ते त्यांना कळलं असावं. तात्या आढ्याकडे बघायला लागले. वैशालीने पदर तोंडाला लावला. नितीन खाली मान घालून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं दोन्ही.

"वाच की आता," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कुठलं कलम म्हनत व्हतास?"

मोरिशिता-सान माझ्याकडे बघत होते. काय झालं, असं त्यांचे डोळे विचारत होते.

पदरचं काही घालायचं नाही, हा नियम मी इतकी वर्षं पाळला. मंत्र्यांच्या सभांत पाळला, भांडणांत पाळला, भर जेवणात त्या विनोदाच्या वेळीही पाळला. त्या दिवशी एक शब्द घातला. जपानीत मुलाला 'मुसुको' म्हणतात. मी म्हणाले, "अण्णासाहेबांनी त्यांच्या मुलाला गप्प बसायला सांगितलं आहे."

मोरिशिता-सानांना मराठी येत नसलं तरी माणसं वाचता येत होती. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, नितीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून मान झुकवली. खिशातून शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला. "तपासणी इथेच होऊ द्या," ते म्हणाले. "वानखडे-सान म्हणतात तसं."

टाय-अप झाला. नितीन डायरेक्टर झाले, वानखडे म्हणूनच. चाकणची नोकरी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असेल, त्याचं भलं होवो. रोहन प्लॉट विकतो आणि अण्णांच्या शिव्यांतला त्याचा वाटा निम्म्यावर आला म्हणून नितीनला दुवा देतो. गेटवरचा वॉचमन अजून 'पाव्हणं आले' म्हणतो. तेवढं राहायचंच.

माझ्या हिशेबी या सगळ्यातून निघालं ते एवढंच. माणसाला मान देणं सोपं असतं, त्यात खुर्ची द्यावी लागत नाही. ओरडायला मात्र जवळ बसवावं लागतं. घराण्याचं धोरण ठरवायला बसाल तेव्हा आपण कोणावर ओरडत नाही ते आधी बघा.

अण्णा मला सुरुवातीपासून 'मॅडम' आणि 'आपण' म्हणत. करारानंतर हुरड्याचे दिवस आले. दरसाल मांजरीत हुरडा असतो, हे मला माहीत होतं. पण बोलावल्याशिवाय जायचं कसं, म्हणून मी घरीच होते. कसब्यातल्या माणसाला आमंत्रणाशिवाय शेजारीसुद्धा जाता येत नाही.

दुपारी फोन वाजला. पलीकडे अण्णा होते, आणि आवाज इतका मोठा की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"ए बाई! कुठं उलथलीस? समदी थांबल्यात हितं. तुला काय आवतण धाडू का?"

मी तशीच चपला घालून निघाले. रिक्षात बसल्यावर रडू आलं. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "काय झालं, ताई?"

"काही नाही," मी म्हटलं. "घरच्यांनी झापलं."